एक चित्र, चार यंत्रं: टोकन-प्रणालीच्या ड्रॉइंग लायब्ररीसाठी ड्रायव्हर इंटरफेसची फेरआखणी

मुंबईतल्या एका सहकारी बँकेच्या शाखांसाठी केलेल्या टोकन-प्रणालीचं हे प्रकरण आहे. ग्राहक दाराजवळच्या यंत्राचं बटण दाबतो आणि ८० मिमी रुंदीच्या थर्मल कागदावर टोकनची चिठ्ठी निघते. हॉलमधल्या एलईडी फलकावर चालू क्रमांक आणि काउंटर मराठी, हिंदी, इंग्रजीत आळीपाळीने दिसतात. लोकलच्या इंडिकेटरमुळे मुंबईकरांच्या डोळ्यांना ही पद्धत सवयीची आहे. काउंटरमागच्या कर्मचाऱ्यापुढे ३२० × २४० पिक्सेलचा छोटा टीएफटी पडदा असतो आणि दिवसअखेरीस शाखाधिकाऱ्याला पीडीएफ अहवाल मिळतो.

चारही ठिकाणी चित्र काढणारी सी भाषेतली लायब्ररी एकच, ड्रायव्हर, म्हणजे त्या-त्या यंत्राशी बोलणारा भाग, मात्र यंत्रागणिक वेगळा. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. टर्बो सीवर ग्राफिक्सची प्रात्यक्षिकं केलेल्या अनेकांनी ग्राफिक्स सुरू करणाऱ्या इनिटग्राफ या फंक्शनला बीजीआय (टर्बो सीचे ग्राफिक्स ड्रायव्हर) फोल्डरचा पत्ता दिलेला आहे आणि ईजीएव्हीजीए.बीजीआय ही फाइल सापडत नाही म्हणून अडूनही बसले आहेत. प्रोग्राम तोच ठेवून खालचं ग्राफिक्स कार्ड बदलता यावं, हेच त्या फाइलचं काम. टोकन-प्रणालीतली लायब्ररीही त्याच वळणाने बेतली होती. ड्रायव्हरच्या तक्त्यात तीसेक फंक्शनं होती: रेषा, चौकट, भरलेली चौकट, वर्तुळ, कंस, बहुभुज, मजकूर, मजकुराची रुंदी वगैरे. प्रत्येक ड्रायव्हरने ती सगळी लिहायची, असा नियम होता.

यातून काय होतं ते ठरलेलंच आहे. त्रिज्या १० दिली की टीएफटीवर वर्तुळाचा व्यास २१ पिक्सेल आणि प्रिंटरवर २०, कारण एकाने मधला पिक्सेल धरला आणि दुसऱ्याने धरला नाही. तुटक रेषा एका ड्रायव्हरमध्ये होती, दुसऱ्यात तिच्या जागी साधी रेषा. मजकुराबद्दल तर स्वतंत्रच लिहावं लागेल. पण फेरआखणीला भाग पाडलं ते बाजाराने. लॅमिंग्टन रोडवर आज मिळालेलं प्रिंटरचं मॉडेल सहा महिन्यांनी तिथे मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी आतलं फर्मवेअर तेच असेल याची खात्री नसते. नव्या प्रिंटरमागे तीस फंक्शनं पुन्हा लिहायची आणि पुन्हा तपासायची, हे परवडणारं नव्हतं.

नव्या आखणीचा निर्णय एका वाक्यात सांगता येतो: ड्रायव्हरकडून सक्तीने मागायचं ते अगदी थोडं, आणि त्याने आपणहून जास्त देऊ केलं तर ते पारखून घ्यायचं. पुढचं सगळं, हे ‘थोडं’ नेमकं कुठे संपतं त्याबद्दल आहे.

सक्तीचं काय

फंक्शनांची नावं इथे मराठीत देतो. सक्तीची पाच: उघड, जागा दे, उतरव, संपव, बंद कर. ‘उघड’ म्हटलं की ड्रायव्हर यंत्राचं माहितीपत्र भरून देतो. ‘जागा दे’मध्ये लायब्ररी एक चौकट सांगते आणि ड्रायव्हर तेवढं चित्र काढण्यापुरती मेमरी आणि एका ओळीची बाइटमधली लांबी देतो. लायब्ररी त्या मेमरीत पिक्सेल रंगवते आणि ‘उतरव’ म्हणून ती परत करते. ‘संपव’ म्हणजे चित्र पुरं झालं: फलकावर बफरची (चित्र साठवणाऱ्या मेमरीच्या जागेची) अदलाबदल, प्रिंटरवर कागद पुढे सरकवून कापणं, पीडीएफमध्ये पान मिटवणं.

सर्वांत लहान घटक म्हणून ‘एक ठिपका लाव’ हे एकच फंक्शन ठेवावं, बाकी सगळं त्यावर रचता येतं, असा मोह प्रत्येक वेळी होतो. तो टाळावा. टीएफटीवर आयएलआय९३४१ ही चिप आहे, एसपीआय तारांवरून (एकेक बिट पाठवणाऱ्या जोडणीने) जोडलेली. तिला एका पिक्सेलचा रंग सांगायचा तर आधी स्तंभांची हद्द (आज्ञेचा १ बाइट आणि ४ बाइट माहिती), मग ओळींची हद्द (पुन्हा ५ बाइट), मग लिहिण्याची आज्ञा (१ बाइट) आणि शेवटी रंगाचे २ बाइट. म्हणजे २ बाइटांच्या रंगासाठी तारेवरून १३ बाइट जातात. चौकटभर पिक्सेल एकदम दिले की हाच ११ बाइटांचा खर्च संपूर्ण चौकटीत एकदाच होतो. शिवाय अर्धपारदर्शक रंगासाठी खालचा रंग वाचावा लागतो, आणि कागदावर छापून गेलेला ठिपका परत वाचता येत नाही. म्हणून सर्वांत लहान घटक ठरला तो पिक्सेलांची चौकट.

बाकी सगळं ऐच्छिक: चौकट भर, चौकट सरकव, आकार भर, चित्र चिकटव, ग्लिफमाला लाव (ग्लिफ म्हणजे फॉन्टमधला, प्रत्यक्ष उमटणारा आकार). ड्रायव्हरला नको असेल तर त्या जागी नल पॉइंटर, म्हणजे रिकामा पत्ता. लायब्ररी ते काम स्वतःच्या मेमरीत करून ‘उतरव’ने पाठवते.

माहितीपत्र

यात रुंदी-उंची तर आहेच, पण आडवी आणि उभी घनता वेगवेगळी लिहायची. थर्मल प्रिंटरची घनता २०३ ठिपके प्रति इंच, म्हणजे मिलिमीटरला ८, आणि ८० मिमी कागदावर छापता येणारी रुंदी ५७६ ठिपके. फलक ६४ × ३२ च्या दोन एचयूबी७५ पॅनेलांचा, ५ मिमी अंतराचे दिवे. म्हणजे १२८ × ३२ दिव्यांत ६४० × १६० मिमी. याशिवाय पिक्सेलची मांडणी, बाइटांचा क्रम, एका पट्ट्यात (चित्राच्या आडव्या तुकड्यात) किती ओळी घेता येतात, उतरवलेलं परत वाचता येतं का, आणि ‘फक्त पुढे’ ही खूण. प्रिंटरला ही खूण असते. कागद मागे येत नाही, तेव्हा पट्टे वरून खाली, क्रमाने आणि प्रत्येकी एकदाच द्यावे लागतात.

बाइटांच्या क्रमाकडे नीट बघायला हवं, कारण ही चूक लपून राहते. १६ बिटांच्या रंगात लाल म्हणजे हेक्समध्ये एफ८००. आयएलआय९३४१ला वरचा बाइट आधी हवा असतो, पडदा चालवणारा मायक्रोकंट्रोलर मेमरीत खालचा आधी ठेवतो. अदलाबदल केली नाही तर एफ८००चा ००एफ८ होतो आणि लालच्या जागी निळा दिसतो. हिरव्याचा लालसर होतो आणि निळ्याचा हिरवा. पण पांढरा एफएफएफएफ आणि काळा ०००० उलटे केले तरी तसेच राहतात. पांढऱ्यावर काळी अक्षरं काढून ‘चालतंय’ म्हटलं की चूक थेट शाखेत उघडी पडते. तपासणीच्या पहिल्या चित्रात लाल, हिरवा, निळा असे तीन ठोकळे आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक खूण असलीच पाहिजे; त्या खुणेने पडदा आडवा-उलटा बसला असेल तर तेही कळतं.

प्रकाशाची पातळी मात्र ड्रायव्हरकडेच ठेवली. एलईडीचा उजेड तो किती वेळ पेटला त्याच्या सरळ प्रमाणात असतो, पडद्याचा तसा नसतो. लायब्ररीने २५५ पैकी १२८ दिले तर पडद्यावर पूर्ण उजेडाच्या सुमारे २२ टक्के अपेक्षित असतात. फलकावर तेच थेट दिलं तर निम्मा उजेड पडतो आणि सगळे मधले रंग फिके, धुवट दिसतात. २५६ आकड्यांचा एक तक्ता फलकाच्या ड्रायव्हरमध्ये बसवला की प्रश्न मिटतो, आणि लायब्ररीला त्याची खबरही लागत नाही.

चौकट कुठे संपते

जुन्या इंटरफेसमध्ये चौकट दोन्ही टोकांसकट होती: ० ते ६३ म्हणजे ६४ स्तंभ. बीजीआयमध्येही तसंच होतं. नव्यात डावी आणि वरची कड आत, उजवी आणि खालची बाहेर: ० ते ६४, रुंदी म्हणजे थेट वजाबाकी. कारण साधं आहे. शेजारशेजारच्या दोन चौकटी एकाच आकड्यावर मिळतात आणि एकही स्तंभ दोनदा रंगत नाही. जुन्या पद्धतीत कुणीतरी एक वजा करायला विसरायचंच, आणि ती चूक चिठ्ठीवर दिसत नसे, कारण तिथे एक ठिपका ०.१२५ मिमीचा. फलकावर तोच एक स्तंभ ५ मिमीचा असतो. काउंटर क्रमांकाची पार्श्वभूमी शेजारच्या अक्षरावर चढलेली हॉलच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसे.

आतले सगळे आकडे पिक्सेलच्या २५६व्या भागात, पूर्णांकात ठेवले. काउंटरवरच्या आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये दशांश गणिताचं वेगळं हार्डवेअर नाही, म्हणून वेगासाठी ते बरं. पण खरा फायदा वेगळा: कुठल्याही यंत्रावर उत्तर बिटागणिक तेच येतं. त्यामुळे तपासणीत चित्रांची तुलना डोळ्यांनी करावी लागत नाही, चेकसमवर, म्हणजे चित्रावरून काढलेल्या एका आकड्यावर, भागतं.

कातरकाम, म्हणजे चौकटीबाहेरचं कापून टाकणं, हे पूर्णपणे लायब्ररीचं. ड्रायव्हरला आलेली चौकट नेहमी यंत्राच्या हद्दीत असणार, ती कधी रिकामी नसणार, हा करार. चार ड्रायव्हरांनी चार प्रकारे कातरलं की चार प्रकारच्या चुका होतात, आणि हद्दीबाहेर मेमरीत लिहिलं गेलं तर ती चूक भलत्याच ठिकाणी दिसते.

मजकूर

जुन्या ड्रायव्हरला लायब्ररी सरळ मजकूर द्यायची आणि प्रिंटरचा ड्रायव्हर तो प्रिंटरच्या अंगच्या फॉन्टने छापायचा. असं करण्यामागे कारण होतं. चिठ्ठी ८० मिमी लांब धरली तर ६४० ओळी, दर ओळीला ५७६ ठिपके म्हणजे ७२ बाइट, एकूण ४६,०८० बाइट. सीरियल तारेवर ९६०० बॉडने सेकंदाला ९६० बाइट जातात. म्हणजे चित्र म्हणून पाठवलेली चिठ्ठी निघायला ४८ सेकंद. मजकूर म्हणून पाठवली तर जेमतेम काहीशे बाइट. इंग्रजीपुरतं हे चाललं असतं.

आता चिठ्ठीवरचा एक खरा शब्द घेऊ: निवृत्त ‘कर्मचाऱ्यांसाठी’ वेगळी रांग आहे. या शब्दात युनिकोडची १५ चिन्हं आहेत: क, र, हलंत, म, च, काना, ऱ, हलंत, य, काना, अनुस्वार, स, काना, ठ, वेलांटी. कागदावर उमटताना पहिला ‘र’ आणि हलंत मिळून रफार होतो आणि तो आपल्यानंतर आलेल्या ‘म’च्या डोक्यावर जातो. दुसरा ‘ऱ’ आणि हलंत मिळून आडवी चंद्रकोरीसारखी खूण होते, तीही ‘य’ला चिकटून. अनुस्वार स्वतःची जागा न घेता वर बसतो. हाच ‘ऱ्या’ काही जण साधा ‘र’, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह टंकून लिहितात; तोही तसाच उमटला पाहिजे. प्रिंटरच्या अंगच्या फॉन्टची चौकट १२ × २४ ठिपक्यांची, ओळीला ४८ अक्षरं. एका चिन्हाला एक चौकट या हिशेबाने हा शब्द १८० ठिपके रुंद ठरतो, आणि प्रत्यक्षात तुटका, हलंत लोंबणारा उमटतो. उजव्या कडेला लावलेली ओळ तर भलतीकडेच संपते.

म्हणून मजकूर ही गोष्ट इंटरफेसमधून पूर्ण काढली. अक्षररचना लायब्ररीच्या बाजूला, मुख्य लिनक्स बोर्डावर, हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडून. ड्रायव्हरच्या हद्दीत येते ती ग्लिफमाला: फॉन्ट, ग्लिफचा क्रमांक आणि त्याची जागा, एवढंच. ड्रायव्हरला जोडाक्षर म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नाही. काउंटरवरच्या मायक्रोकंट्रोलरवर हार्फबझ न्यावंच लागलं नाही. मुख्य बोर्डाकडून ग्लिफ क्रमांकांची यादी तारेवरून येते आणि फॉन्टचे आकार त्याच्या फ्लॅशमध्ये असतात.

भाषेची खूणही लायब्ररीच्याच बाजूला हवी. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपं हिंदीतल्या रूपांपेक्षा वेगळी असतात, आणि फॉन्टमध्ये दोन्ही असली तर भाषा सांगितल्यावरच योग्य ते निवडलं जातं. फलकावर भाषा दर काही सेकंदांनी बदलते. तिथे ग्लिफांचा साठा युनिकोड चिन्हावरून शोधला जात होता, त्यामुळे हिंदीची पाळी आधी आली की पुढे मराठी ‘लिपिक’मध्येही हिंदी ‘ल’च यायचा. साठ्याची किल्ली फॉन्ट, ग्लिफ क्रमांक आणि आकार अशी केल्यावर हे थांबलं. मराठी शाखेत मराठी ‘ल’ दिसावा, ही बारीकसारीक बाब म्हणून सोडून देऊ नये. वाचणाऱ्याला तो फरक जाणवतो.

पीडीएफने मात्र इथे एक भर घालायला लावली. नुसते ग्लिफ क्रमांक दिले तर अहवाल दिसतो सुंदर, पण त्यात शोधता येत नाही. ‘शिल्लक’ या शब्दात पहिली वेलांटी कागदावर ‘श’च्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. ग्लिफाला चिन्ह जोडणारा तक्ता पीडीएफमध्ये घातला तरी वाचणारा प्रोग्राम कागदावरच्या क्रमाने जातो, आणि कॉपी केलेल्या शब्दात वेलांटी आधी येऊन बसते. म्हणून ग्लिफमालेसोबत मूळ मजकूर आणि कुठली चिन्हं कुठल्या ग्लिफांत गेली त्याची जोडणी द्यायची सोय ठेवली. पीडीएफ ड्रायव्हर त्यावरून ‘खरा मजकूर असा आहे’ ही नोंद शब्दासोबत लिहितो. बाकीचे ड्रायव्हर ती माहिती उघडतही नाहीत. कैरो या लायब्ररीलाही १.८ आवृत्तीत ग्लिफांसोबत मूळ मजकूर देणारं वेगळं फंक्शन याच गरजेपोटी जोडावं लागलं. देवनागरीसाठी काम करणाऱ्याने ही जागा पहिल्या दिवसापासून ठेवावी.

फॉन्टचं थोडक्यात: चिठ्ठी, पडदा आणि अहवालासाठी मुंबईच्याच एक टाइपचा मुक्ता, खुल्या परवान्याचा असल्याने उपकरणात घालता येतो. फलकावर तो चालत नाही. ३२ ओळींत दोन पंक्ती बसवायच्या म्हणजे एकीला १६; त्यात वर मात्रा-रफार, खाली उकार. आकार गणिताने काढला तर शिरोरेषा दोन ओळींत अर्धी-अर्धी पेटते आणि अक्षरं धूसर होतात. तिथे ठिपका-ठिपका हाताने बसवलेलाच फॉन्ट हवा.

चिठ्ठीच्या ४८ सेकंदांचा हिशेब अर्थात सोडवावाच लागला. सीरियलचा वेग १,१५,२०० बॉड केला की चार सेकंद. त्यावर, पूर्ण कोऱ्या ओळी चित्र म्हणून न पाठवता कागद सरकवण्याची आज्ञा द्यायची. टोकनच्या चिठ्ठीत कोरी जागा भरपूर असते. ही सरकवण्याची एककं मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून हा निर्णय ड्रायव्हरमध्येच घेतला जातो.

पट्टे आणि मालकी

आरपी२०४०मध्ये मेमरी २६४ किलोबाइट. ३२० × २४० चं पूर्ण चित्र १६ बिटांत १,५३,६०० बाइट खातं, म्हणजे निम्म्याहून जास्त. म्हणून २४ ओळींचे दहा पट्टे केले. एक पट्टा १५,३६० बाइटांचा, आणि असे दोन. एक डीएमएने (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून माहिती पाठवणाऱ्या सोयीने) पडद्याकडे जात असताना दुसरा रंगवायचा. ४० मेगाहर्ट्झच्या एसपीआयवर एक पट्टा जायला सुमारे ३.१ मिलिसेकंद लागतात, पूर्ण पडदा सुमारे ३१. लांब जम्पर वायरींवर हा वेग टिकत नाही, तो कमी करावा लागतो. तीही ड्रायव्हरची सेटिंग.

इथे मालकीचा नियम कडक हवा. ‘उतरव’ म्हटल्यापासून ती मेमरी ड्रायव्हरची. पुढच्या ‘जागा दे’मध्ये तो कदाचित तीच देईल, कदाचित दुसरी देईल, आणि आत जुनं काय आहे याबद्दल लायब्ररीने काही गृहीत धरायचं नाही. हा नियम मोडला की डीएमए वाचत असतानाच पुढचा पट्टा त्यात लिहिला जातो आणि पडद्यावर अधूनमधून २४ ओळींची एक फीत चुकीची चमकते. चूक कधीमधीच होत असल्याने ती शोधायला फार वेळ जातो.

फलकावर दोन पूर्ण बफर आहेत. तिथे ‘बदललं तेवढंच रंगवा’ करताना ध्यानात ठेवायचं की हातात आलेला बफर मागच्या चित्राचा नसून त्याच्याही मागच्याचा आहे. तेव्हा मागच्या आणि या, अशा दोन्ही वेळी बदललेल्या चौकटींची बेरीज रंगवावी लागते, नाहीतर जुना आणि नवा टोकन क्रमांक आलटून पालटून दिसतो. बफर किती जुना आहे हे ड्रायव्हर ‘जागा दे’च्या उत्तरात सांगतो, ० म्हणजे ‘काहीच सांगता येत नाही, सगळं रंगवा’.

पट्ट्यांमुळे आणखी एक निर्णय घ्यावा लागला. दहा पट्ट्यांसाठी ॲप्लिकेशनचं चित्र काढणारं फंक्शन दहा वेळा बोलावणं सोपं असतं, पण त्या दरम्यान जग बदलतं: घड्याळाच्या आकड्यांच्या वरच्या भागात ११:५९ आणि खालच्या भागात १२:०० असंही निघू शकतं. म्हणून लायब्ररी आज्ञांची यादी एकदाच नोंदवते आणि तीच प्रत्येक पट्ट्यासाठी पुन्हा चालवते.

एका बिटाचं यंत्र

प्रिंटरला करडा रंग नाही. करड्याचे ठिपके कुणी पाडायचे? ड्रायव्हरने पूर्ण पट्ट्यावर पाडले तर अक्षरांच्या गुळगुळीत केलेल्या कडाही ठिपक्यांच्या होतात, बारीक अक्षरं बुरशी आल्यासारखी दिसतात आणि क्यूआर कोडच्या कडा बिघडतात. म्हणून माहितीपत्रात ‘एक बिट’ दिसलं की लायब्ररी अक्षरं, रेषा आणि कोड गुळगुळीत न करता थेट काळे-पांढरे काढते. ठिपके पाडणं फक्त चित्रांपुरतं, म्हणजे बँकेच्या बोधचिन्हापुरतं. त्यासाठी ८ × ८ चा ठरलेला साचा वापरला. चूक पुढच्या ओळीवर ढकलत नेणारी फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धत दिसायला सरस, पण प्रत्येक पट्ट्याला ती नव्याने सुरू झाली की सांध्यावर रेघ दिसते. साचाही पानाच्या वरच्या कडेपासून मोजायचा, पट्ट्याच्या नव्हे. पट्ट्याची उंची ८च्या पटीत नसेल तर पट्ट्यापासून मोजलेला साचा प्रत्येक सांध्याला तुटतो.

नकार कसा द्यायचा

ऐच्छिक फंक्शन आहे की नाही एवढ्याने भागत नाही. पीडीएफ ड्रायव्हरला आकार भरता येतो, पण प्रत्येक प्रकारच्या रंग-मिसळणीसह येईलच असं नाही. प्रत्येक शक्यतेला माहितीपत्रात एक बिट ठेवत गेलं तर बिटांची यादी वाढतच जाते. त्यापेक्षा फंक्शनने त्या-त्या वेळी ‘जमणार नाही’ असं उत्तर द्यावं. कैरोचे बॅकएंडही असंच करतात. अट एक: नकार द्यायचा तर यंत्राला हात लावण्याआधी. अर्धं काढून नकार दिला की लायब्ररी तेच पुन्हा पूर्ण काढते, आणि अर्धपारदर्शक रंग तेवढ्या भागात दुप्पट गडद होतो.

पीडीएफमध्ये नाकारलेला भाग चित्र म्हणून घालावा लागतो. पूर्ण पानाचं चित्र करून टाकणं सोपं, पण मग अहवालातलं काहीच शोधता येत नाही. तेव्हा तेवढ्याच चौकटीचं ३०० ठिपके प्रति इंचाने चित्र करायचं, आणि त्या चौकटीत आधी जे जे आलं तेही त्यात मिसळायचं, कारण पारदर्शक गोष्टीला खालचं माहीत लागतं. हे आज्ञांची नोंदवलेली यादी हाताशी असल्यामुळेच जमतं. पट्ट्यांसाठी केलेली सोय इथेही उपयोगी पडली.

बिघाडाचं उत्तर नकारापेक्षा वेगळं ठेवलं. कागद संपला, तार निघाली, की ड्रायव्हर ती स्थिती धरून ठेवतो, पुढच्या सगळ्या आज्ञा गुपचूप सोडून देतो आणि ‘संपव’ला कारण सांगतो. त्यामुळे ॲप्लिकेशनला प्रत्येक रेषेनंतर विचारपूस करावी लागत नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर ‘संपव’मध्ये कागदाची स्थिती विचारतो (डीएलई, ईओटी, ४ हे तीन बाइट) आणि उत्तर येईतो थांबतो. चिठ्ठी अर्धवट निघाली असेल तर टोकन क्रमांक तोच ठेवून पूर्ण चिठ्ठी पुन्हा छापायची, हा निर्णय ॲप्लिकेशनचा. ड्रायव्हरने आपणहून पुन्हा छापू नये, नाहीतर एकाच क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या दोन हातांत जातात.

तक्त्याच्या सुरुवातीला त्याचा स्वतःचा आकार बाइटमध्ये लिहिलेला असतो. नवी फंक्शनं फक्त शेवटी जोडायची, मधे कधीच नाही. जुना ड्रायव्हर आखूड तक्ता देतो, लायब्ररी उरलेली जागा शून्याने भरते, आणि शून्य म्हणजे ‘नाही’. शाखेतलं यंत्र न उघडता लायब्ररी बदलता येते ती यामुळे.

तपासणी आणि नवा ड्रायव्हर

तपासणीसाठी दोन खोटे ड्रायव्हर लिहिले. एक फक्त मेमरीत काढणारा, सक्तीची पाचच फंक्शनं असलेला. त्याचं चित्र हा मापदंड. दुसरा सगळी ऐच्छिक फंक्शनं असलेला, पण मधेच कधीही नकार देणारा. दोघांचं चित्र बिटागणिक एक आलं नाही तर चूक लायब्ररीत. खऱ्या ड्रायव्हरचं प्रत्येक ऐच्छिक फंक्शन एकेक करून चालू-बंद करून मापदंडाशी ताडायचं. चौकटी मुद्दाम अडचणीच्या घ्यायच्या: एक पिक्सेल रुंद, पट्ट्याच्या सांध्यावर पडणारी, उजव्या कडेला टेकलेली, ८ने भाग न जाणाऱ्या ठिकाणी सुरू होणारी. शेवटची ही प्रिंटरच्या ड्रायव्हरला हमखास पकडते, कारण तिथे एका बाइटात आठ ठिपके असतात आणि डावीकडचा ठिपका वरच्या बिटात जातो. पीडीएफसाठी बिटागणिक तुलना लागू नाही. पान चित्रात उतरवून थोड्या फरकाची मुभा ठेवावी लागते, आणि मजकूर बाहेर काढून तो मूळ मजकुराशी ताडावा लागतो.

नवा प्रिंटर हाती आला की क्रम असा. आधी माहितीपत्र: रुंदी कागदाच्या मापावरून न धरता ठिपके मोजून, कारण ५८ मिमीच्या कागदावर बहुधा ३८४च ठिपके मिळतात. मग ‘उतरव’, एका पट्ट्यापुरता, आणि त्यात डाव्या कोपऱ्यातली खूण. मग सलग पट्टे, आणि सांध्यावर पांढरी किंवा काळी रेघ येते का ते भिंगातून बघणं. माहिती पुरेशा वेगाने पोचली नाही तर मोटर थांबते आणि पुन्हा सुरू होताना ही रेघ पडते. मग कागद संपवून, झाकण उघडून, तार काढून बिघाडाची उत्तरं. एवढ्यावर शाखेतली चिठ्ठी निघू लागते. कोऱ्या ओळी वगळणं त्यानंतर, आणि ऐच्छिक फंक्शनांपैकी प्रिंटरसाठी आजवर एकही लिहावं लागलेलं नाही.